करवसुलीला नागरिकाचे अवघे आयुष्य लागत नाही

प्राप्तिकर कायदा, २०२५ च्या कलम २४७ नुसार झडती घेणाऱ्या अधिकाऱ्याला कपाटाची किल्ली मिळाली नाही तर कपाट फोडता येते. हा अधिकार जुनाच आहे. त्याच्या जोडीला आता संगणकाचा किंवा ‘आभासी डिजिटल अवकाशा’चा संकेतशब्द मिळाला नाही तर तो ओलांडून आत शिरण्याचाही अधिकार आला आहे. हा अवकाश कोणता, ते कलम २६१ सांगते. त्यात ईमेल, समाजमाध्यमांवरील खाती, ऑनलाइन गुंतवणुकीची आणि बँकेची खाती, क्लाउडवरील साठवण आणि अशाच स्वरूपाच्या इतर जागाही येतात. हे विधेयक १३ फेब्रुवारी २०२५ रोजी लोकसभेत मांडले गेले, बैजयंत पांडा यांच्या अध्यक्षतेखालील प्रवर समितीकडे गेले, ऑगस्टमध्ये मागे घेऊन सुधारित रूपात पुन्हा मांडले गेले आणि मंजूर झाले. अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६ ठरली. या सगळ्या प्रवासात झडतीच्या या अधिकाराला धक्का लागला नाही.

त्याच्या समर्थनासाठी जे सांगितले जाते ते ऐकायला रास्त वाटते. अधिकार नवा नाही. प्रामाणिक माणसाला भिण्याचे कारण नाही. माहिती बँकांकडे आणि कंपन्यांकडे आधीपासूनच आहे. आणि याच मार्गाने करबुडवे सापडतात. यातले शेवटचे विधान खरे आहे, पण त्यातून काढला जाणारा निष्कर्ष चुकीचा आहे. उरलेली तिन्ही विधाने मुळातच चुकीची आहेत.

एक गोष्ट निर्विवाद मान्य करायला हवी. कराशिवाय राज्य चालत नाही, आणि करचुकवेगिरीचा भार अखेर नोकरदारावर पडतो. पगार हातात पडण्याआधीच त्याचा कर कापला जातो, सोळा क्रमांकाच्या फॉर्मवर त्याचे उत्पन्न पैशापैशाने छापलेले असते आणि लपवण्याची सोय त्याला कधीच नव्हती. व्यापारी, बिल्डर किंवा मोठा व्यावसायिक लाखो रुपये रोखीत फिरवतो तेव्हा या नोकरदाराला येणारा राग न्याय्य आहे. नेमक्या याच रागाच्या जोरावर सरकारे अधिकार मागतात आणि मिळवतात. पण त्या अधिकारांचे जाळे पडते तेव्हा त्यात सर्वांत आधी आणि सर्वांत सहज तोच नोकरदार सापडतो, कारण त्याचा प्रत्येक व्यवहार नोंदलेला असतो.

अधिकार नवा नाही, या म्हणण्याचा आधार १९६१ च्या कायद्यातील कलम १३२ हा आहे. त्यात २००२ साली एक भर पडली. ज्याच्या ताब्यात इलेक्ट्रॉनिक स्वरूपातील हिशेबाची पुस्तके किंवा दस्तऐवज असतील, त्याने ते तपासण्याची सोय अधिकाऱ्याला करून द्यावी, असे बंधन तिने घातले. हा अधिकार हिशेबाच्या पुस्तकांभोवती बांधलेला होता. दुकानाची चोपडी संगणकात गेली म्हणून ती तपासणीतून सुटू नये, एवढाच त्याचा हेतू, आणि तो योग्य होता. नव्या कायद्यात केंद्रस्थानी चोपडी नाही, जागा आहे. ज्या ईमेलमध्ये बिल आहे त्याच ईमेलमध्ये डॉक्टरचा अहवाल, घटस्फोटाच्या वकिलाशी झालेला पत्रव्यवहार, मुलीच्या लग्नाची बोलणी आणि मित्राजवळ व्यक्त केलेले राजकीय मतही असते. कपाट फोडणाऱ्या अधिकाऱ्याला कपाटातले दिसते. फोन उघडणाऱ्याला माणसाची दहा-पंधरा वर्षे दिसतात, आणि त्या काळात ज्यांनी ज्यांनी त्याला काही लिहिले त्या सर्वांचीही. हे दुसरे लोक कोणत्याही तपासात संशयित नसतात, आणि आपला मजकूर वाचला गेला हे त्यांना कळतही नाही.

इतकी मोठी व्याप्ती असलेल्या अधिकाराला तितकाच मोठा लगाम हवा होता. तो नाही. झडतीचा हुकूम न्यायाधीश देत नाही, विभागातलाच वरिष्ठ अधिकारी देतो. त्याच्याकडे ‘असे मानण्यास कारण’ असले पाहिजे, ही एकच अट. ते कारण काय होते हे तरी नंतर विचारता यावे, पण २०१७ च्या वित्त कायद्याने तीही वाट बंद केली. झडतीमागची कारणे कोणत्याही व्यक्तीला, प्राधिकाऱ्याला किंवा अपिलीय न्यायाधिकरणाला सांगितली जाणार नाहीत, असे स्पष्टीकरण त्याने कलम १३२ ला जोडले, आणि तेही १९६२ पासून पूर्वलक्षी प्रभावाने. उच्च न्यायालयात रिट याचिका करून ती नोंद मागवता येते, हे खरे. पण सांगलीच्या हळद व्यापाऱ्याने किंवा मालेगावच्या यंत्रमागवाल्याने मुंबईत वरिष्ठ वकील उभा करून ती लढाई लढावी, याला संरक्षण म्हणता येत नाही.

बेकायदा झडतीत सापडलेले कागद तरी पुराव्यातून बाद होतील का? पूरणमल खटल्यात १९७३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने याचे उत्तर नकारार्थी दिले. पुरावा संबद्ध असेल तर तो कसा मिळवला याने त्याची ग्राह्यता जात नाही, असा तो निर्णय. त्या काळी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला जात नव्हता. एम. पी. शर्मा खटल्यातील आठ न्यायमूर्तींचा १९५४ चा निकाल तेव्हा उभा होता. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी एकमताने तो मोडीत काढला आणि खासगीपणाला घटनेच्या २१ व्या अनुच्छेदाचा आधार दिला. हक्कात दखल द्यायची तर कायदा हवा, हेतू वैध हवा आणि उपाय हेतूच्या प्रमाणात हवा, अशी कसोटीही लावली. नवा प्राप्तिकर कायदा या निकालानंतर आठ वर्षांनी झाला. तरी त्यातले झडतीचे प्रकरण वाचताना तो निकाल लागलाच नव्हता असे वाटते.

गोपनीयता ही करवसुलीची शत्रू आहे ही समजूतही अलीकडची आहे. १९२२ च्या प्राप्तिकर कायद्याचे कलम ५४ नेमके उलट सांगत होते. करदात्याने विवरणपत्रात, जबाबात किंवा हिशेबात दिलेला सर्व तपशील गोपनीय राहील, आणि न्यायालयालाही तो मागवता येणार नाही, असा त्याचा आशय होता. परकीय सरकारने भारतीयांवरील प्रेमापोटी ही हमी दिली नव्हती. खरे उत्पन्न सांगितले तर ते भाऊबंदांपर्यंत, सावकारापर्यंत किंवा फौजदारापर्यंत जाणार नाही, अशी खात्री असल्याशिवाय कोणी खरे सांगणार नाही, एवढा व्यवहार त्याला कळत होता. १९६१ च्या कायद्यात हीच हमी कलम १३७ म्हणून आली आणि अवघ्या तीन वर्षांत, १९६४ मध्ये, काढून टाकली गेली. मागे उरलेल्या कलम १३८ मध्ये माहिती कोणाला आणि केव्हा द्यायची याचा निर्णय बव्हंशी सरकार आणि आयुक्त यांच्याकडे गेला. माहिती फोडणाऱ्या सरकारी नोकराला कलम २८० मध्ये सहा महिन्यांपर्यंत कैद सांगितली होती, पण खटला भरायला केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागे. करदात्याला हमी देणारा कायदा अशा रीतीने अधिकाऱ्याला मुभा देणारा झाला.

झडती ही तरी अपवादाची गोष्ट आहे. खासगीपणाचा खरा क्षय रोजच्या, गाजावाजा न होणाऱ्या नोंदींत झाला आहे. जुन्या कायद्याखालील नियम ११४-ई ने बँका, म्युच्युअल फंड, निबंधक कार्यालये आणि कंपन्या यांना ठरावीक व्यवहार आपणहून कळवायला लावले. बचत खात्यात वर्षभरात १० लाखांची रोकड, क्रेडिट कार्डाची वर्षाला १० लाखांची बिले, ३० लाखांची स्थावर मालमत्ता अशा मोठ्या व्यवहारांपासून सुरुवात झाली. मग २०२१ मध्ये लाभांश, व्याज आणि रोखे विक्रीतला नफा यांचीही भर पडली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये वार्षिक माहिती विवरण, म्हणजे एआयएस, सुरू झाले. करदात्याला त्याची सोय झाली हे नाकारता येत नाही. विसरलेल्या मुदत ठेवीचे व्याज आयतेच समोर येते आणि विवरणपत्र लवकर भरून होते. पण ही सोय एका मोठ्या उलटापालटीवर उभी आहे. पूर्वी करदाता उत्पन्न सांगे आणि शंका आली तर अधिकारी पुरावा मागे. आता राज्य आधीच सारे गोळा करून बसते आणि नागरिकाने त्याला दुजोरा द्यायचा. शंका येण्याची गरजच उरलेली नाही, कारण सगळ्यांवर कायमचीच नजर आहे.

या नोंदींना एकत्र बांधणारा दोरा म्हणजे पॅन आणि आधार यांची जोडणी. कलम १३९-एए ने ती सक्तीची केली आणि २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ती बहुमताने वैध ठरवली. त्याच निकालाने बँक खात्याला आधार जोडण्याची सक्ती मात्र रद्द केली. प्रत्येक खातेदाराला संभाव्य गुन्हेगार समजून उपाययोजना करणे प्रमाणशीर नाही, हे त्यामागचे कारण. पण बँक खात्याला पॅन आणि पॅनला आधार जोडलेला असेल, तर न्यायालयाने पुढच्या दाराने थांबवलेली गोष्ट मागच्या दाराने आत येते. या परिणामाकडे संसदेने आजवर गंभीरपणे पाहिलेले नाही.

माहिती बँकेकडे आधीच आहे, मग सरकारने पाहिली तर काय बिघडले, या प्रश्नाचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने वीस वर्षांपूर्वी देऊन ठेवले आहे. आंध्र प्रदेशने मुद्रांक कायद्यात दुरुस्ती करून, जिल्हाधिकाऱ्याने नेमलेल्या कोणालाही बँकेत जाऊन ग्राहकांचे दस्तऐवज तपासण्याची आणि ताब्यात घेण्याची मुभा दिली होती. कॅनरा बँक खटल्यात न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली. बँकेला दिलेले कागद स्वेच्छेने दिलेले असतात, म्हणून त्यावर खासगीपणाचा दावा उरत नाही, ही अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाची १९७६ च्या मिलर खटल्यातील भूमिका भारतीय न्यायालयाने नाकारली. खासगीपणा माणसाचा असतो, जागेचा नसतो. एखादा कागद ज्या हेतूने विश्वासाने दिला त्या हेतूपुरताच तो विश्वास असतो. दवाखान्यात सांगितलेला आजार कचेरीत सर्वांसमोर वाचून दाखवावा असे कोणी म्हणत नाही. पैशाच्या व्यवहारालाही तोच न्याय लागतो, कारण आज पैशाचा व्यवहारच आजार सांगतो. औषधाच्या दुकानात दिलेले पैसे, समुपदेशकाची फी, कामगार संघटनेची वर्गणी, देवस्थानाची देणगी आणि विरोधी पक्षाला पाठवलेले पाचशे रुपये एका ओळीत मांडले, की माणसाचे शरीर, मन, श्रद्धा आणि मत उघडे पडते. करआकारणीसाठी यातल्या बहुतेक गोष्टींचा काडीचाही उपयोग नाही.

प्रामाणिक माणसाला भीती नाही, हे विधान सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत पोकळ आहे. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात काय घडले ते पाहावे. तिथल्या वाणिज्य कर विभागाने पेमेंट कंपन्यांकडून यूपीआयची आकडेवारी मिळवली आणि २०२१-२२ पासूनच्या व्यवहारांच्या आधारे हजारो छोट्या विक्रेत्यांना जीएसटीच्या नोटिसा धाडल्या. त्यात दूध, भाजी, फळे विकणारे होते. ताजी भाजी आणि सुटे दूध यांवर जीएसटी नाही, हे त्या आकडेवारीला ठाऊक नव्हते. खात्यावर आलेला पैसा विक्रीचा, नातेवाइकाने परत केलेल्या उसनवारीचा की भिशीचा, हेही तिला ठाऊक नव्हते. एका भाजीविक्रेत्यापुढे तर सुमारे २९ लाख रुपयांची मागणी येऊन पडली. बंगळुरूच्या दुकानांतून क्यूआर कोडचे फलक उतरले, ‘फक्त रोख’ असे कागद चिकटले, बंदची हाक दिली गेली. अखेर मुख्यमंत्र्यांना करमाफ मालाच्या विक्रेत्यांकडून जुनी थकबाकी वसूल केली जाणार नाही असे जाहीर करावे लागले. यातले बहुसंख्य विक्रेते काहीच लपवत नव्हते. लपवायचे असते तर त्यांनी यूपीआय घेतलेच नसते. सरकारच्या आवाहनावर विश्वास ठेवून ज्यांनी व्यवहार नोंदीत आणला त्यांनाच नोंदीची शिक्षा झाली, आणि त्याचा परिणाम म्हणून पैसा पुन्हा रोखीकडे वळला. पाळत वाढली की कर वाढतो, हे गृहीतक धरून बसणाऱ्यांनी या एका महिन्याचा अभ्यास करावा.

भीतीचे दुसरे कारण सत्ता हे आहे. आणीबाणीच्या काळात, दिल्लीतील विश्व युवक केंद्राच्या ताब्यावरून रामकृष्ण बजाज यांचा सत्ताधाऱ्यांशी संघर्ष चालू असतानाच, मे १९७६ मध्ये बजाज समूहाच्या ठिकाणांवर प्राप्तिकराचे छापे पडले. अमेरिकेत अध्यक्ष निक्सन यांनी विरोधकांच्या करतपासणीसाठी महसूल यंत्रणेवर दबाव आणल्याचे वॉटरगेट चौकशीत उघड झाले. त्यातून धडा घेऊन १९७६ मध्ये तिथे करविवरणे मुळात गोपनीय ठरवणारा कडक कायदा झाला. १९९७ मध्ये आणखी एक पाऊल पडले. काम नसताना कर्मचाऱ्याने कोणाचे विवरण नुसते चाळले तरी तो गुन्हा ठरला. २०२४ मध्ये श्रीमंतांची आणि एका अध्यक्षांची विवरणे फोडणाऱ्या एका कंत्राटी कर्मचाऱ्याला तिथे पाच वर्षांची शिक्षा झाली. कायदा होता म्हणून फुटणे थांबले नाही, पण निदान ते गुन्हा म्हणून हाताळले गेले. भारतात उत्सुकतेपोटी एखाद्या अभिनेत्याचे, शेजाऱ्याचे किंवा होऊ घातलेल्या व्याह्याचे विवरण कोणी उघडले तर ते त्या माणसाला कळण्याची कोणतीही व्यवस्था नाही.

वाईट हेतू नसला तरी गोळा केलेली माहिती सांभाळावी लागते, आणि इथे करयंत्रणांचा इतिहास चांगला नाही. ब्रिटनच्या महसूल विभागाने २००७ मध्ये सुमारे अडीच कोटी लोकांचा, बँक तपशिलांसह, मजकूर असलेल्या दोन सीडी टपालात हरवल्या आणि विभागाच्या अध्यक्षांना पद सोडावे लागले. बल्गेरियात २०१९ मध्ये सुमारे ५० लाख लोकांची करविषयक माहिती हॅकरने पळवली. भारताच्या प्राप्तिकर पोर्टलवर एक त्रुटी असल्याचे ऑक्टोबर २०२५ मध्ये उघड झाले. लॉग-इन केलेल्या माणसाने पोर्टलला पाठवलेल्या विनंतीतला पॅन बदलला की दुसऱ्याचा पत्ता, बँक खाते आणि आधार क्रमांकही दिसू शकत होता. ती दुरुस्त झाली. मात्र डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ च्या कलम १७ ने गुन्ह्यांचा किंवा कायदाभंगाचा शोध आणि तपास यांसाठीच्या माहितीला बहुतेक बंधनांतून सूट दिली आहे, आणि करविभागाचे मोठे काम त्या शब्दांत सहज बसते. एखाद्या खासगी कंपनीकडून जी काळजी कायदा मागतो ती सगळी राज्याकडून मागत नाही.

आता चोर सापडतात या युक्तिवादाकडे. मार्च २०२५ मध्ये अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी लोकसभेत उदाहरणे दिली. मोबाइलवरील कूटबद्ध संदेशांतून २५० कोटींचा बेहिशेबी पैसा सापडला, गूगल मॅप्सच्या नोंदींवरून रोकड दडवण्याची ठिकाणे कळली, इन्स्टाग्रामवरून बेनामी मालमत्तेचा मालक ठरला. ही उदाहरणे खरी धरली तरी त्यांतून एकच गोष्ट सिद्ध होते. ठोस संशय असलेल्या माणसाचा फोन तपासणे कधी कधी आवश्यक असते. ते नाकारत कोण आहे? प्रश्न परवानगी कोणी द्यायची हा आहे. ज्या प्रकरणात २५० कोटींचा माग लागला आहे तिथे दंडाधिकाऱ्यासमोर दोन पानी अर्ज ठेवायला अधिकाऱ्याला अडचण का यावी? पुरावा नष्ट होण्याची घाई असेल तर आधी झडती आणि ठरावीक तासांत न्यायिक मंजुरी, अशीही सोय करता येते. शिवाय ही सारी उदाहरणे जुन्या कायद्याच्या काळातली आहेत. त्याच कायद्याने ती प्रकरणे उघड होत होती, तर नव्या अधिकाराची गरज त्यांनी सिद्ध होत नाही.

राज्याला आर्थिक गोपनीयतेचे मोल कळत नाही असेही नाही. २०१८ च्या निवडणूक रोखे योजनेचे समर्थन करताना केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात देणगीदाराच्या खासगीपणाचाच आधार घेतला होता. राजकीय पक्षाला कोटी रुपये देणाऱ्याचे नाव गुप्त राहावे असे ते म्हणणे, आणि १५ फेब्रुवारी २०२४ रोजी न्यायालयाने ती योजना मतदाराच्या माहितीच्या हक्कासाठी रद्द केली. सत्तेवर प्रभाव टाकू शकणाऱ्या पैशाला पडदा आणि भाजीवाल्याच्या यूपीआयला उजेड, ही क्रमवारी पूर्ण उलटी आहे.

नॉर्वेचे उदाहरण पारदर्शकतेचे समर्थक आवर्जून देतात. तिथे प्रत्येकाचे उत्पन्न आणि भरलेला कर कोणालाही पाहता येतो. पण तिथे दिसतात ते ढोबळ आकडे. कोणत्या दुकानात काय घेतले ते दिसत नाही. आणि २०१४ पासून, कोणी आपली माहिती पाहिली हे त्या नागरिकालाही दिसते. हा नियम आल्यावर उगाच डोकावणाऱ्यांची संख्या झपाट्याने घटली. पाहणाऱ्यालाही पाहिले जाते, हा त्या व्यवस्थेचा प्राण आहे. भारतातल्या समर्थकांनी नॉर्वेकडून फक्त उघडेपणा उचलला आणि ही अट सोडून दिली.

हीच अट इथे आणणे अवघड नाही. एआयएसच्या पानावर एक रकाना वाढवावा: ही माहिती कोणत्या पदावरील अधिकाऱ्याने, कोणत्या तारखेला, कोणत्या कारणासाठी उघडली. चालू तपासाच्या बाबतीत ती नोंद ठरावीक मुदतीनंतर दिसावी. आभासी जागेच्या झडतीला न्यायिक आदेश लागावा आणि त्या आदेशात कोणते खाते, कोणता कालखंड, कोणता विषय हे लिहिलेले असावे. तपासाशी संबंध नसलेला मजकूर परत करावा किंवा पुसावा. पुनर्आकारणीची मुदत संपली की कच्ची व्यवहारमाहितीही नष्ट व्हावी. कारणे न सांगण्याची २०१७ ची तरतूद रद्द करावी. यातल्या कोणत्याही गोष्टीने कराचा एक रुपयाही बुडत नाही. महाराष्ट्र देशाच्या प्रत्यक्ष कराचा सर्वांत मोठा वाटा भरतो. इथल्या खासदारांनी, सनदी लेखापालांच्या आणि व्यापाऱ्यांच्या संघटनांनी कलम २४७ च्या दुरुस्तीची मागणी संसदेच्या पुढच्या अधिवेशनात लेखी मांडावी.